कळा सुरू झाल्यावर जवळ कोण?



सोयाबीन पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवावेत, किती उगवतात ते मोजावे आणि सत्तरांपेक्षा कमी उगवले तर ते बियाणे जपून वापरावे, हे आता या पानाच्या वाचकांना सांगावे लागत नाही. घरची म्हैस व्यायला आली की शेतकरी त्या रात्री झोपत नाही, हेही आपण जाणतो. तो बॅटरी घेऊन गोठ्यात बसतो, तिच्या पाठीवरून हात फिरवतो, कुत्र्यामांजरांना आत येऊ देत नाही आणि पोरांना गोंगाट करू देत नाही. ‘जनावर बुजले तर अडते,’ असे तो म्हणतो आणि ते खरेही आहे.

मग घरच्या सुनेच्या वेळी काय होते? तिला गाडीतून दवाखान्यात आणतात. नाव नोंदवले जाते आणि ती आत जाते. सासूबाई व्हरांड्यात बसतात, पुरुष मंडळी चहाला जातात. आत वीस-बावीस वर्षांची मुलगी असते. ती पहिलटकरीण असते, भोवती अनोळखी माणसे असतात आणि आपल्या शरीरात काय चालले आहे हे तिला कोणी समजावून दिलेले नसते. या वेळच्या पाठात आपण दोनच गोष्टींचा विचार करू. एक, बाळंतपणाआधी घेण्याचे शिक्षण. दुसरी, बाळंतपणाच्या वेळी जवळ बसणारी सोबतीण.

घरातून दवाखान्यात

कृष्णपुरा आणि राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत आजीच्या पिढीची बाळंतपणे घरीच झाली. माळव्यातील खेड्यांत तर ही रीत पुष्कळ अलीकडेपर्यंत होती. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशातील शंभरांपैकी सुमारे २६ बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे दिसले. २०१५-१६ मध्ये हा आकडा सुमारे ८१ झाला आणि २०१९-२१ मध्ये सुमारे ९१ पर्यंत गेला. २००५ साली सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेचा यात मोठा वाटा आहे.

ही गोष्ट चांगलीच झाली. घरच्या अंधाऱ्या खोलीत रक्तस्राव सुरू झाला तर सुईणीच्या हाती काही उरत नसे. ज्यांच्या घरातून अशी एखादी बाई गेली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. तरीही काम संपलेले नाही. २०१८-२० च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे दर एक लाख जिवंत जन्मांमागे मध्य प्रदेशात १७३ माता दगावल्या. त्याच काळात महाराष्ट्रात हा आकडा ३३ आणि साऱ्या देशाचा ९७ होता.

पण घरातून दवाखान्यात येताना एक चांगली गोष्ट मागे राहिली. जुन्या सुईणीला जंतूंचे ज्ञान नसेल, पण ती जागची हलत नसे. शेजारची काकू, थोरली जाऊ, माहेरची आई यांपैकी कोणी ना कोणी कंबर चोळत, धीर देत जवळ बसलेली असे. आपण सुईणीचे अज्ञान सोडले ते योग्यच केले, पण त्यासोबत तिची सोबतही सोडली. ज्ञान दवाखान्याचे असावे आणि सोबत घरची असावी, एवढेच या पाठाचे सांगणे आहे.

अशी सांगड घालण्याचा विचार इंदूरला नवा नाही. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गांधी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना वारल्या. त्यांच्या स्मरणार्थ जमलेला निधी खेड्यांतील स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी वापरावा असे ठरले. त्यातून उभ्या राहिलेल्या ट्रस्टचे मुख्य ठाणे आपल्या खंडवा रस्त्यावरील कस्तुरबाग्राम येथे आहे. खेड्यातल्याच स्त्रीला शिकवून खेड्यातल्या स्त्रीच्या सेवेला पाठवायचे, ही त्या कामाची पद्धत होती.

डूला म्हणजे कोण?

‘डूला’ हा शब्द ग्रीक आहे. त्याचा मूळ अर्थ सेवा करणारी स्त्री. डेना राफाएल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या सुमारास, बाळंतिणीला आधार देणाऱ्या अनुभवी स्त्रीसाठी तो वापरात आणला. डूला ही डॉक्टर नव्हे, नर्स नव्हे आणि सुईणही नव्हे. ती तपासणी करीत नाही, औषध देत नाही आणि मूल हातात घेऊन जन्माला घालीत नाही. ती बाईजवळ बसते. तिचे काम एवढेच. आपण तिला सोबतीण म्हणू.

एवढ्याशा कामाने काय साधते, असे कोणी विचारील. १९८० साली केनेल, क्लाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला येथील एका गर्दीच्या रुग्णालयात केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. काही पहिलटकरणींजवळ एक साधी, बिनशिकलेली, पूर्वी ओळख नसलेली स्त्री बसवली. ती बोले, हात धरी, पाठ चोळी. इतर पहिलटकरणी रीतीप्रमाणे एकट्याच राहिल्या. सोबत मिळालेल्यांचे बाळंतपण सरासरी ८.७ तासांत झाले. एकट्या राहिलेल्यांना १९.३ तास लागले.

त्या प्रयोगातील स्त्रिया थोड्या होत्या, म्हणून एकट्या त्या आकड्यावर विसंबू नये. पुढे अनेक देशांत असे प्रयोग झाले. २०१७ साली १७ देशांतील २६ प्रयोग आणि १५,८०० हून अधिक स्त्रिया यांचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यात वेळ सरासरी सुमारे चाळीस मिनिटांनीच कमी झालेला दिसला. पण सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये पोट फाडून बाळंतपण करण्याचे प्रमाण सुमारे चौथ्या हिश्शाने कमी होते, जन्मतः मलूल असलेली बाळे कमी होती आणि बाळंतपणाची कडू आठवण घेऊन घरी गेलेल्या स्त्रियाही कमी होत्या. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक स्त्रीला बाळंतपणात तिच्या पसंतीची सोबत मिळावी अशी शिफारस केली.

भीतीने काय बिघडते?

याचे कारण दूध काढणाऱ्याला चटकन समजेल. धारेच्या वेळी गोठ्यात परके माणूस किंवा कुत्रे शिरले तर गाय दूध चोरते. पान्हा सोडवणारा रस तिच्याच शरीरात तयार होतो. त्याचे नाव ऑक्सिटोसिन. भीती वाटली की ॲड्रेनलिन नावाचा दुसरा रस सुटतो आणि पहिल्याचे काम अडते. बाईच्या गर्भाशयाला कळा आणणारा रस हाच, ऑक्सिटोसिन. ती घाबरली, एकटी पडली, कोणी तिच्यावर ओरडले, तर अंग आखडते, वेदना अधिक जाणवतात आणि कळा मंदावू शकतात. धीर मिळाला की अंग सैल पडते आणि शरीर आपले काम करू लागते.

इंग्लंडच्या डॉ. ग्रँटली डिक-रीड यांनी गेल्या शतकात हेच सांगितले: भीतीने अंग ताठते, ताठल्याने दुखते आणि दुखल्याने भीती वाढते. फ्रान्सचे डॉ. लामाझ यांनी १९५१ साली रशियात पाहिलेली श्वासाची आणि अंग सैल सोडण्याची पद्धत पॅरिसमध्ये सुरू केली. गरोदर स्त्रियांचे वर्ग जगभर पसरले ते या दोघांच्या कामातून.

‘बाईने वेदना सोसल्याच पाहिजेत, तसे शास्त्रातच लिहिले आहे,’ असे बोलणारे आपल्यातही आहेत. त्यांच्यासाठी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. ८ जानेवारी १९५६ रोजी पोप बारावे पायस यांनी डॉक्टरांसमोर नेमक्या याच पद्धतीवर भाषण केले. बाळंतपणाच्या वेदना योग्य मार्गाने कमी करणे हे उत्पत्तीच्या पुस्तकातील वचनाच्या विरुद्ध नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. तेव्हा धर्माचे नाव पुढे करून कोणी बाईला विव्हळत ठेवू नये.

चार बैठकांचा वर्ग

असा वर्ग घेण्यास मोठी इमारत लागत नाही. एक नर्स किंवा धर्मभगिनी, दोन चटया आणि सातव्या महिन्यापासूनच्या स्त्रिया आपापल्या सोबतिणीसह, एवढे पुरे. चार बैठकांत पुढील गोष्टी शिकवाव्यात.

पहिली बैठक: बाळंतपण कसे होते. कळांनी गर्भाशयाचे तोंड हळूहळू उघडते, पूर्ण उघडले म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटर. आरंभी कळा लांबलांब येतात आणि हा काळ बराच लांबू शकतो. पाच सेंटिमीटर उघडल्यानंतर कळा जोर धरतात. तेथून पूर्ण उघडेपर्यंत पहिलटकरणीस सहसा बारा तासांहून अधिक आणि आधी बाळंत झालेलीस दहा तासांहून अधिक लागत नाहीत. नंतर बाळ खाली सरकते आणि जन्मते. शेवटी वार पडते. हे आधी माहीत असले म्हणजे सहाव्या तासाला ‘माझे काहीतरी बिघडले आहे’ असे बाईला वाटत नाही.

दुसरी बैठक: श्वास आणि बसणे-उठणे. कळ आली की श्वास रोखून धरू नये. नाकाने सावकाश घ्यावा, तोंडाने फुंकर घालावी तसा सावकाश सोडावा. जबडा, खांदे आणि मुठी सैल ठेवाव्यात. दोन कळांच्या मध्ये विश्रांती घ्यावी. डॉक्टरांची हरकत नसेल तर चालावे, भिंतीला टेकून उभे राहावे, कुशीवर निजावे, घोटघोट पाणी प्यावे. तोंड पूर्ण उघडण्यापूर्वी जोर करू नये. त्याने दमणूक होते आणि उपयोग काहीच होत नाही.

तिसरी बैठक: धोक्याच्या खुणा. अंगावरून रक्त जाणे, डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहऱ्यावर व हातांवर एकाएकी सूज, झटके, ताप, बाळाची हालचाल कमी होणे, पाणमोट फुटून हिरवट पाणी जाणे, दिवस भरण्याआधी कळा सुरू होणे. यांतील एकही खूण दिसली तर सकाळची वाट पाहू नये. गरोदरपणात निदान चार तपासण्या कराव्यात. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून १८० दिवस घ्याव्यात आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस. ‘गोळ्यांनी मूल काळे होते’ हा निव्वळ गैरसमज आहे.

चौथी बैठक: तयारी आणि पहिला तास. कोणत्या दवाखान्यात जायचे, १०८ ची गाडी आली नाही तर कोणाची गाडी, रक्त लागल्यास कोण देणार, कागदपत्रे कोठे ठेवली आहेत, हे आधीच लिहून ठेवावे. बाळ जन्मल्यावर कोरडे पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवावे आणि तासाच्या आत पाजावे. वासराला चीक पाजल्यावाचून आपण गोठा सोडत नाही. मग बाळाच्या तोंडी मात्र गुळाचे पाणी आणि मध का? आईचा चीक हेच त्याचे पहिले अन्न आणि पहिले औषध. नाळेला तेल, हळद, राख काही लावू नये. पहिले चोवीस तास अंघोळ घालू नये.

सोबतिणीने काय करावे, काय करू नये

कळा देणाऱ्या बाईला सरकारी रुग्णालयातही सोबत मिळावी, असा निर्णय केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर केला. त्याच्या अटी साध्या आहेत. सोबतीण स्वतः बाळंतपण अनुभवलेली स्त्री असावी, तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबण्याची तयारी असावी, दवाखान्याच्या लोकांच्या कामात तिने हात घालू नये आणि खोलीतील इतर स्त्रियांकडे जाऊ नये. जेथे आडोशाची सोय आहे तेथे नवऱ्यालाही थांबता येते.

निर्णय झाला म्हणून प्रत्येक दारावर तो पाळला जातोच असे नाही. जागा अपुरी असते, नर्सताईंवर कामाचा भार असतो. म्हणून आठव्या महिन्याच्या तपासणीलाच सोबतिणीला बरोबर न्यावे, तिची ओळख करून द्यावी आणि नम्रपणे विचारून ठेवावे. रात्री दोन वाजता दारात वाद घालण्यापेक्षा हे बरे.

सोबतिणीने हे करावे: कळेच्या वेळी हात धरावा, कंबर चोळावी, कपाळ पुसावे, श्वासाची आठवण द्यावी, लघवीला जाण्याची आठवण द्यावी, डॉक्टर काय म्हणाले ते साध्या शब्दांत सांगावे. ‘आता हे संपेल’ असे खोटे सांगू नये. ‘मी इथेच आहे’ असे सांगावे, कारण तेवढे तिच्या हातात असते. रक्त जास्त जात आहे किंवा बाईला झटका येत आहे असे दिसल्यास ताबडतोब नर्सला हाक मारावी.

हे करू नये: पोट वरून दाबू नये. कोणाचे कसे अडले आणि कोण कशी गेली, या गोष्टी काढू नयेत. मुलगा होणार की मुलगी, हा विषयच नको. आणि ‘डॉक्टर, कळांची सुई द्या, लवकर मोकळी करा’ असा आग्रह कधीही धरू नये. ती सुई म्हणजे तेच ऑक्सिटोसिन, जे काही लोक म्हशीने पान्हा सोडावा म्हणून चोरून टोचतात. डॉक्टरांच्या देखरेखीत, मोजून आणि गरज असेल तेव्हा ते उपयोगी औषध आहे. बाळ जन्मल्यानंतर रक्तस्राव थांबवण्यासाठी दिले जाते तेव्हा ते प्राणरक्षक ठरते. पण बाळ पोटात असताना कोणी अर्धवट जाणकाराने घरी टोचले, तर गर्भाशय फाटू शकते आणि बाळ गुदमरू शकते.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सोबतीण ही डॉक्टरची जागा घेत नाही. शस्त्रक्रिया आवश्यक आहे असे डॉक्टर म्हणाले तर सोबतिणीने बाईची समजूत काढावी आणि घरच्यांना संमती देण्यास सांगावे. शस्त्रक्रियेने बाळंत झालेली बाई कमी पडली, असे कोणी मानू नये.

पुरुषांसाठी दोन शब्द

‘हे बायकांचे काम’ म्हणून बाजूला बसणे पुरे झाले. तुमच्या मुलाबाळांचा हा जन्म आहे. बाळंतपणाचा महिना सोयाबीनच्या काढणीत येणार की गव्हाच्या पाण्याच्या पाळीत, याचा हिशेब चार महिने आधी मांडता येतो. त्या आठवड्यात मोटार चालू करायला कोण जाईल, जनावरांचे कोण पाहील, थोरल्या पोराला कोण सांभाळील, हे भावाशी आणि शेजाऱ्याशी बोलून ठेवा. सोबतिणीच्या घरीही चूल असते. ती दोन दिवस दवाखान्यात बसणार असेल तर तिच्या घरच्या भाकरीची सोय करणे हे तुमचे काम आहे. आणि चौथ्या बैठकीला स्वतः येऊन बसा.

आता काय करायचे?

संत लूककृत शुभवर्तमानात सांगितले आहे की पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशातील एलिझाबेथच्या घरी गेली आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली. एलिझाबेथला तेव्हा सहावा महिना होता आणि वय उतरणीला लागले होते. त्या भेटीचे स्तोत्र आपण वर्षानुवर्षे म्हणतो. त्या तीन महिन्यांच्या सोबतीकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही.

प्रत्येक वस्तीतून दोन स्त्रिया पुढे याव्यात. स्वतः बाळंतपण अनुभवलेल्या, तोंडाने गोड आणि पोटात गोष्ट ठेवणाऱ्या. शिक्षण किती, हे आम्ही विचारणार नाही. वर्गाची जागा, चटया आणि शिकवणारी नर्स यांची व्यवस्था धर्मग्राम करील. सातवा महिना लागलेल्या सुनांची नावे सासूबाईंनीच आणून दिली तर आम्हांला अधिक आनंद होईल. आणि आपल्या घरात या वर्षी पाळणा हलणार असेल, तर आज जेवताना घरात एकच प्रश्न विचारा: कळा सुरू झाल्यावर हिच्याजवळ कोण बसणार? नाव ठरले की ते तिलाही सांगा. त्या रात्रीपासून तिला थोडी अधिक झोप लागेल.